डबी मिटत नाही

पाकीट फोडलं तेव्हा वाटलं,
हा नमुना असेल, सुरी मागाहून येईल.
करंगळीएवढं पातं,
मूठ म्हणून सपाट पोलादी शेपूट, तिला दोन भोकं,
वर काळा रंग, शाळेच्या फळ्यासारखा.
नसीम म्हणाली,
हिला बघून मिरचीसुद्धा घाबरायची नाही.

गेल्या जानेवारीत टू हार्बर्सच्या अलीकडे
आमची गाडी चार तास बर्फात रुतून होती.
माझ्याकडे होतं काय? अर्धा पुडा बिस्किटं,
एक चार्जर, डुलुथच्या लायब्ररीचं कार्ड.
लेकवरून वारा येत होता आणि मी
ते कार्ड हातात घट्ट धरून बसलो होतो,
कशासाठी कोण जाणे.

म्हणून ही डबी, पेपरमिंटच्या गोळ्यांची.
तिच्यात मेणात बुडवलेल्या काड्या, गळ, दोरा, शिटी,
चकमकीची कांडी,
आणि तळाशी हिच्यासाठी राखलेली जागा.

आडनाव शिकलगार.
इथल्या बँकेत ते तीनदा स्पेल करावं लागतं,
अर्थ कुणी विचारत नाही.
मिरजेत आमच्या दारात सुऱ्या ढिगाने यायच्या,
खाटकांच्या, हॉटेलांच्या, लग्नातल्या आचाऱ्यांच्या,
मुठीला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून ओळखायच्या.
संध्याकाळी धार घेऊन आपापल्या घरी जायच्या.
आई कांदा बोथट पात्याने चिरायची.

पहिल्या रात्री तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी,
काळा रंग उतरवला.
खालचं पोलाद करडं, जरा लाजल्यासारखं.
कंपनीची धार नखावर टेकवली. घसरली.
अब्बा काही बोलले नसते,
नुसता नाकाने श्वास सोडला असता.
अंश मोजायचं यंत्र विकत मिळतं म्हणे.
मी डोळे मिटले.
दगडाचा आवाज बदलला की थांबायचं, एवढंच मला येतं.

मग पाठीच्या कडा कानशीने काटकोनात आणल्या,
कांडीवर ओढली तर ठिणग्यांचा झुपका,
ड्रायरमधल्या कापसाने पेट घेतला, अलार्म बोंबलला,
नसीम खाली आली.
तिने काही विचारलं नाही. अलार्म काढून घेऊन गेली.

शेजारचा रेनो हाकाला, एक्याऐंशी वर्षांचा,
सुरी उलटीपालटी करून म्हणाला,
उघड्या हाताला कुठलीही बरीच वाटते.
हातमोजा घाल, मग धर.
घातला, धरली.
बूट होता म्हणून अंगठा वाचला.

तहसीनची हॉकी स्टिक, लाकडी, जुन्या बाजारातली,
उपांत्य सामन्यात मोडली, तेव्हापासून कोपऱ्यात उभी.
टाकू द्यायची नाही.
म्हटलं, एक वीत दे.
तिने जेवण होईपर्यंत विचार केला
आणि स्वतःच करवत घेऊन आली.
लाल पट्टा होता तोच तुकडा कापून दिला.

पितळेच्या दोन पिना, मध्ये इपॉक्सी, रात्रभर शिकंजा.
सकाळी मोज्यासकट हात पुढे केला
तर मुठीने हस्तांदोलन केलं.
एका बाजूला लाल,
दुसरीकडे तिच्या चिकटपट्टीचा वाळका डिंक.
तो मी मुद्दाम घासला नाही.

आता डबी मिटत नाही.
दोन मिलिमीटर. झाकण आ वासून बघतं.
शिटी काढली, नाही. गळ काढले, नाही.
मूठ घासली तर लाल जाणार.
कानस घेऊन बसलो,
मग कानस ठेवून दिली.

तहसीन म्हणते, रबर बँड लाव.
रेनो म्हणतो, डबी खिशात, सुरी गळ्यात.
तेवढ्यात नसीमने तिनेच तांदळाची गोण फोडली,
पुसली, ओट्यावर ठेवली.
ही कुणाला परत द्यायची आहे का, तिने विचारलं,
सहज, पाठमोरी.
नाही, म्हणालो,
आणि मग मला कळेना
रात्री हिला ठेवायचं कुठे.