नोंदवही, आठवडा पाचवा

उद्यमबाग. फाउंड्रीच्या माळ्यावरची खोली,
अकरा माणसं, एक पंखा, रात्रीचे साडेआठ.
तास फोनवर रेकॉर्ड केला
आणि टिळकवाडीला घरी येऊन
भाकरी थापता थापता ऐकला:
साठातली सत्तेचाळीस मिनिटं मीच बोललेय की!
मधे कुणाचा खोकला, खाली भट्टीची घरघर,
आणि एकदाच, हळू, बिरंची: "मॅडम, बट..."
त्यावर माझा आवाज चढतो
पुढचं वाक्य घेऊन.

पिठाच्या हातानं वहीत लिहिलं:
बदल पहिला. गप्प बसणे.

सोमवारी बसले. खडू मुठीत.
चार मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही,
घाम मलाच फुटला.
मग गंजामचा बिरंची उठला,
बाही वर सारली,
कोपरापर्यंत चकाकणारं जुनं कातडं.
"बोर्ड देअर. आय नो रीड. आय टच."

दुरुस्त करायला उचललेली जीभ
तशीच ठेवली.
चहा घेऊन आलेली मल्लव्वा दारातच म्हणाली,
"अय्य शिवने!"
ते कुणाला शिकवावं लागलं नाही.

निष्कर्षाचा रकाना कोरा आहे.
पाटीचं मॅनेजरांच्या कानावर घालायचंय,
कुठल्या भाषेत,
ते या गावात पटकन ठरत नाही.