उन्हाळी नव्हे

शौका गावाच्या वर वादीत मी गुडघ्यांवर बसलोय.
वादी म्हणजे इथे कोरडी नदी;
आमच्या लांज्यात, कोर्टाची पायरी चढणारा.
शंसुद्दीनने गाडी घाफच्या सावलीत लावलीय, एसी चालू.
त्याला वाटतं माझं काहीतरी हरवलंय.

जानेवारी. दोन झुडपं, मध्ये दहा पावलं.
दोन्ही राखट, दोन्ही गुडघाभर,
दोघांना तीच जांभळी फुलं, वाटाण्याच्या घराण्याची:
वर ध्वज, बाजूला पंख, खाली होडी.
शेंगाही तशाच, चपट्या, टोकाशी जरा वाकलेल्या.

हे पान मला पाठ आहे.
शालनआत्या वैद्यांच्या दुकानी मुळ्या वाळवायची.
कुणाला उन्हाळी लागली की उन्हाळीचंच मूळ.
"नावातच औषध," म्हणायची.
नावातच दुखणंही, ते आम्ही मागे हसून म्हणायचो.
तिनेच दाखवलेलं: पानाचं टोक चिमटीत धर, ओढ.
सरळ तुटणार नाही,
बाणाच्या पिसासारखं तुटेल. म्हणून शरपुंखा.

पहिल्या झुडपाचं ओढलं. बाण.
दुसऱ्याचं. बाण.
घ्या. भावकीत नाकं सगळ्यांची सारखीच.

मग पर्णिका मोजायला लागलो.
पहिलं: सात, सात, नऊ, सात.
भिंगाखाली दाट रेशमी लव, वासराच्या कानासारखी.
दुसरं: तेरा, पंधरा,
एक पान अर्धंच होतं ते सोडलं,
तेरा.
लव आहे, पण विरळ, आणि मला ती विरळच हवी होती
म्हणून भिंग शंसुद्दीनकडे दिलं.
तो म्हणाला, "मटार आहे का? खातात?"

हनान मादामचा फोन दुबईहून:
"दहा दहा पानं मोज.
एका पानावर लग्न ठरवू नकोस."
तिचं अरबी-इंग्रजी माझ्या कानात मराठीच होऊन येतं.

दहा दहा मोजली. उन्हं वर आली.

उम्म राशिद शेळ्यांमागून उतरली,
काठीने दोन्ही झुडपांकडे दाखवून म्हणाली, "धफरा. धफरा."
पूर्वी हीच पानं कुटून कापडाला निळा देत, असं अर्ध्या हिंदीत.
"बकरी खाता नही. जानता है."
मी मान हलवली. मग पाहिलं.

दुसऱ्या झुडपाचे शेंडे कुरतडलेले होते.
ताजे. कापावर अजून ओल.
ती वाकली, बोट लावलं,
आणि आपल्याच शेळीकडे अशी बघितली
की जणू सून परक्या घरी जेवून आलीय.

म्हणजे ही धफरा नव्हे. ही आमची.
चाऱ्याच्या गठ्ठ्यातून उतरली असेल, बासमतीच्या पोत्यातून,
कुणा मजुराच्या वळकटीतून, कोण सांगणार.
मला आनंद झाला, दोन मिनिटं तरी.
मी तिच्याशी मराठीत काहीबाही बोललो,
शंसुद्दीनने काच वर केली.

मग फॉर्म.
नमुना क्रमांक एकेचाळीस. पर्णिका तेरा ते पंधरा. बहुवर्षायू.
पुढे दोन चौकोन: स्थानिक. आलेली.
"आलेली"वर खूण केली की खाली ओळ उघडते,
समूळ काढावी, हो किंवा नाही.
त्याखाली, कधीपासून.

अकरा वर्षं झाली मला. दर दोन वर्षांनी शिक्का.
पण ते इथे कुणी विचारलेलं नाही,
आणि झाड म्हणजे काही मी नव्हे; मला मोजायचे पैसे मिळतात.
खूण केली. खरी तीच होती.

कुदळ घेऊन बसलो.
वीतभर खाली गोटे, मग वाळू, मग पुन्हा गोटे,
आणि मूळ आपलं सरळ चाललेलं,
अंगठ्याएवढं जाड, वर शेंड्यावर एवढीशी हिरवळ.
हातभर झालं. कोपरापर्यंत झालं.
खाली वाळू गार लागली.

उम्म राशिद बसून बघत होती.
शंसुद्दीनने हॉर्न दिला, लहानसा, मैत्रीचा.
मी वाळू परत लोटली, पायाने दाबली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
शेळी खाते.
मुळाचं टोक सापडलं नाही.