कानावरची खाच

रोवानिएमीहून साडेचारशे किलोमीटर
मांडीवर खोकं घेऊन आली राव्दना,
पण बसमध्ये उघडलं नाही.
उघडलं दुसऱ्या दिवशी, शाळेच्या टॅक्सीत,
उत्सयोकीच्या शाळेसमोर, इंजिन चालू ठेवून.
मुलं सुटायला अकरा मिनिटं होती.

आधी वजन.
नदीतल्या गोट्यासारखं बसलं तळहातावर,
गार, आणि कुणाचं काही न ऐकणारं.
दुकानातला पोरगा म्हणाला होता,
जरा जाडच आहे, आता कोणी घेत नाही असले.
तिनं त्याच्या बोटांकडं पाहिलं होतं नुसतं.
गुळगुळीत, घरात वाढलेली बोटं.

मग अंगठ्यानं काच ढकलली.

आधी थोडा नकार,
मग अर्ध्यावरून आतली कमानच ओढून घेते पुढं,
आणि शेवटी
सुरी म्यानात नीट बसल्याचा आवाज.
मिटला. उघडला. मिटला.
सातव्या खेपेनंतर आरशात बघून घेतलं
मागं कुणी नाही ना.

खाली कळांच्या ओळी,
अंगठ्याला कळाव्यात इतपत फुगीर,
दाबलं की दाबलं म्हणून सांगणाऱ्या.
बाहेर उणे तेवीस.
चुलतभाऊ नीलासचा फोन म्हणजे नुसती काच,
हातमोजा ओळखतच नाही,
बिचारा कॉल घेतो तो नाकानं.
राव्दनानं लोकरीचा मोजा न काढता
आपलं नाव लिहिलं.
दोन अक्षरं जास्तीची पडली. चालायचंच.

पहिला निरोप वडिलांना.
ते वर, कळपाबरोबर;
तिथं एका दगडापाशीच काय ती रेंज येते.
त्या दगडाला ते पोस्ट म्हणतात.

आह्च्ची, लिहायचं होतं. म्हणजे बाबा.
फिनिश अक्षरांना इथं हक्काची घरं,
डोक्यावर दोन ठिपके घेऊन
उजव्या कडेला ऐसपैस बसलेली.
आणि तिचा च?
वर शोधला, खाली शोधला,
खुणांची कळ दाबली तर
जगभरची चलनं आली धावत,
पौंड, येन, आणि एक कसलीशी गाठ.
च नाही.

आपलं बरं आहे.
चहा आणि चाक एकाच च वर भागवतो आपण,
पुढचं जीभ बघून घेते.
तिच्याकडं दोघांची अक्षरं वेगळी:
चाकातला बोडका, c,
चहातल्याच्या डोक्यावर इवलीशी खाच, č.

बोडकाच पाठवला शेवटी.
अह्त्सी, पोचले. नवा फोन. उघडतो, मिटतो.

तेवढ्यात मुलं आली, बर्फ झटकत, बुटांसकट.
मला, मला, मी एकदाच.
टॅक्सी सुटायला नऊ मिनिटं उशीर,
मागच्या सीटवर खट्‌ खट्‌ चालूच.
धाकटा यौनी तर म्हणाला,
लिहायचं कशाला याच्यावर?

दुपारी दोनलाच अंधारलं.
उत्तर यायला रात्रीचे साडेनऊ.

अह्त्सी नावाचं इथं कोणी नाही.
कुठल्या कळपातलं? कान तपासून बघ.

ती हसली, मग हसायची थांबली.
जूनमधली ती न मावळणारी रात्र,
वडिलांच्या गुडघ्यांत दाबलेलं
रेनडिअरचं पाडस,
आणि कानाच्या कडेला नखाएवढा काप.
एवढ्यावरून ओळखायचं, हजारांत, धुक्यात,
हे आपलं.
खूण नसलेलं पाडस काय, कुणीही न्यावं.

टेबलावर तिनं फोन उघडला.
सुरीच्या टोकानं, श्वास धरून,
c च्या कळेवर, वरच्या बाजूला,
दोन तिरके चरे ओढले.

उमटतो अजून बोडकाच.
अंगठ्याला मात्र लागते ती खाच
दर वेळी,
अंधारात, मोज्यातूनसुद्धा थोडीशी.

वॉरंटी गेली, नीलास म्हणाला.