दोन फेरे

कुपवाड रोडला, हळदीच्या वखारीमागं
इंडिकाचं पोट उघडं.
बोटाला ग्रीस, ग्रीसला पिवळी धूळ.
जिन्नाप्पा मिस्त्री म्हणाले, आज टेन्शनर तू बसव.

बेल्ट नवा. खुणेला खूण.
काटा खाचेत आला,
बोल्ट आवळताना सरकला.
परत.

"चिमटीत धर, पीळ.
पाव वळला की बास.
सैल सोडलास तर दात चुकतो,
जास्त ताणलास तर बेअरिंग रडतं
कोल्हापूरपर्यंत."

मी चावी मागितली.
त्यांनी खिशात टाकली.
"आधी हातानं. दोन फेरे."

क्रँकला पाना.
आत कुणी जड श्वास सोडतं.
एक.
सव्वा.
कुठं अडेल म्हणून मीच अडतो.

दुसरा फेरा. खुणा समोरासमोर.
वर बघितलं तर मिस्त्री चहा सांगायला गेलेले,
चावी बॅटरीवर.