बर्फाची कळ

ओउलूच्या डेपोत रात्रीचे अडीच.
नांगरगाड्या ओळीनं उभ्या, पाती वर उचललेली,
आणि बर्फ काही पडत नाही.
हवामानखात्यानं तर छातीठोक सांगितलं होतं.
मी रेडिओपाशी. भांड्यातली कॉफी तिसऱ्यांदा आटलेली.
अशा वेळी माणसं
बायकोबद्दल बोलत नाहीत, पगाराबद्दल नाहीत.
सध्या काय खेळतोयस, एवढंच.

रेइयो म्हणाला, मी ट्रक चालवतो.
सगळे हसले. हसणारच.
आठ तास इथं स्टिअरिंग आणि घरी जाऊन पुन्हा स्टिअरिंग?
तो म्हणाला, तिथं उन्हाळा असतो रे.
डाव्या हाताला सूर्यफुलांची शेतं,
इटलीतून टोमॅटो आणायचे,
आणि वाटेत कुणी, अगदी कुणीही,
रस्त्यावर खडी टाक म्हणत नाही.
खोट एकच, पेट्रोलपंपावरची कॉफी पिता येत नाही.
मग भांड्याकडे बघून,
तशी इथलीही येत नाही म्हणा.

हेल्मीचा खेळ भुताचा.
एकोणीस टनांची गाडी बोळात उलटी घालते ही बाई,
एका हातानं, दुसऱ्या हातात सँडविच.
पण त्या खेळातल्या तळघराचं दार
अकरा दिवस झाले, उघडलेलं नाही.
दाराशी उभी राहते, आतला आवाज ऐकते,
सेव्ह करते, झोपते.
"इतका भिकार आहे?"
"छे, सुरेख आहे. उघडलं की संपेल ना."

लिबान नवा, मागच्या महिन्यात लागलेला.
त्याला एकाच राक्षसानं
एकशे बेचाळीस वेळा मारलंय.
मोजतोस कशाला, रेइयोनं विचारलं.
मोजायचं नाही तर काय करायचं?
आणि म्हणाला, बोटांवरचं ग्रीस पुसत,
कुठल्या परीक्षेनं, कुठल्या साहेबानं
मला इतकं सरळ सांगितलं नव्हतं
की चूक नेमकी कुठं झाली.
डावीकडे उडी मारायला हवी होती. बस.
मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

ताउनोला कुणी विचारलंच नाही.
दोन महिन्यांत निवृत्त होणारा माणूस,
त्याला काय विचारायचं.
तोच म्हणाला, माझं एक गाव आहे.

म्हणजे माझं नाही, इल्माचं.
पोर्तुगालला गेली तेव्हा यंत्र इथंच राहिलं.
एकदा चालू करून बघितलं
तर गवत कमरेएवढं,
आणि टपाल वाटणारा एक बोकड विचारतो,
इतके दिवस होतीस कुठं?
त्याला काय सांगणार.
तेव्हापासून रोज पाणी घालतो. मुळे उपटतो, विकत नाही.
तिच्या घरातली खुर्ची हलवत नाही.
फोनवर विचारते, बाबा, वेळ कसा जातो?
सांगतो, बाग आहे.
चौथ्या मजल्यावर राहतो मी. ती काही पुढं विचारत नाही.

लिबान म्हणाला, तिथं बर्फ पडतो?
पडतो की. डिसेंबर लागला की रोज.
मग काढता कसा?
काढता येत नाही. तशी कळच दिलेली नाही.
पहिल्या वर्षी शोधली मी. सगळ्या दाबून बघितल्या.
मग बसलो बघत.
सदतीस वर्षं झाली मला या कामात,
पडू दिलेला बर्फ
कधी बघितला नव्हता.

कॉफीचं भांडं कुणी विसळलं नाही.

चारला दहा कमी असताना सुरू झाला,
एकदम, पीठ चाळावं तसा.
हेल्मी तुइराला, रेइयो पुलावर, लिबान तोप्पिलाच्या गल्ल्यांत,
ताउनो बाजारचौक.
पडद्यावर चार हिरवे ठिपके सरकू लागले.

साडेचारला चौकातला ठिपका थांबला.
पाच मिनिटं. सात.
रेडिओचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं.
लिबानचा आवाज आला,
ताउनोची गाडी बंद पडली का?
म्हटलं, तू तुझी गल्ली बघ.