वरचं एक

व्हाउचरवर जागा एवढीशी असते:
तारीख, किलोमीटर, चहापाणी.
उरलेलं इथे लिहितो.

सूतगिरणीत नवी यंत्रं आली कोरियाहून
आणि त्यांच्या मागोमाग एक बाई, मिन-ओक.
पन्नाशीची असावी. पायात लोखंडी टोकाचे बूट.
अकरा दिवस गेस्ट हाऊसचं पनीर खाल्लं तिने,
बाराव्या दिवशी मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला.
मोबाईल बोलला, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा:
"वाहनचालक महोदय,
जिथे लोक उकिडवे बसून खातात, तिथे मला न्या."

शिरपूरचा रस्ता सोडला.
तापीच्या अलीकडे आठवडे बाजार भरलेला.
पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळी पडत होती,
मिरचीच्या ढिगाशी ती थांबली,
एक देठाने उचलली, मोडली, बी जिभेवर ठेवलं.
सुपडू मिरचीवाला माझ्याकडे बघतो, मी आभाळाकडे.
तिच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी,
आणि मोबाईल शांतपणे म्हणाला,
"ही मिरची मला ओळखते."
बाजार हसला. तीही.

मग सोजाबाईची कढई.
पाट्यावर वाटलेली मूगडाळ, जाडीभरडी,
चिमटीतून तेलात सुटणारी.
मिन-ओक पुढे गेलीच नाही.
बूट काढले, पोत्यावर बसली,
त्या पिठाकडे बघत राहिली
जसं कुणी गर्दीत पाठमोरं माणूस बघतं.

"कोठली शे वं माय तू?"
मोबाईलला अहिराणी येत नाही. तो गप्प.
मीच सांगितलं, लांबची, समुद्रापलीकडची.
"उपाशी दिसस. बठ."

तुकड्यातुकड्याने कळलं ते असं:
तिची आई बाजारात मूग वाटायची, दगडी जात्यावर,
भाकरीएवढे चपटे वडे तळायची एकतीस हिवाळे.
फळीखाली शेगडी, शेगडीजवळ ही निजायची,
केसांना तेलाचा वास, म्हणून शाळेत एकटी.
आता त्या जागी दुसरीच कुणी बसते.
ती त्या गल्लीत जात नाही.

मी विचारलं, तसंच लागतं का?
तिने चावलं, वेळ घेतला.
"नाही," मोबाईल म्हणाला. "मुळीच नाही."
आणि तिने दुसरं उचललं.

साठ रुपयांची भजी, मोजून दिली सोजाबाईने,
पुडी बांधली, मग पुन्हा सोडली
आणि आत एक टाकलं. "हाई वरनं."
मिन-ओकचा हात तिथेच थांबला.
"तॉम," ती म्हणाली.
मोबाईल म्हणाला, "अतिरिक्त."
तिने जोरात मान हलवली, नाही, नाही,
मोबाईल उलटा करून पोत्यावर ठेवला
आणि हातांनी सांगितलं:
मोजून झाल्यावर, पुडी बांधून झाल्यावर,
आई एक टाकायची.
रोज. तोट्यातसुद्धा.
"तॉम," सोजाबाईने म्हणून बघितलं,
जसं नव्या सुनेचं नाव म्हणून बघतात.

तीन आठवड्यांनी यंत्रं सुरू झाली, मिन-ओक गेली.
परवा एकटाच थांबलो तिथे, वीस रुपयांची घेतली.
सोजाबाईने गाडीत वाकून बघितलं, मागची सीट.
काही बोलली नाही.
पुडीत दोन वर टाकली.

व्हाउचर भरतोय.
भजी, रुपये वीस.
वरची दोन
कोणत्या रकान्यात लिहू?