मळाची वजावट

मोडी वाचणारे बागुल गुरुजी
शिरपूरहून एसटीने आले, चष्मा पुसला,
खापरपणजोबांची चोपडी उघडून म्हणाले,
'विसपुते, तुमच्या घराण्याचं अक्षर चांगलं.'
बाहेर दोंडाईच्याच्या बाजारात मिरची वाळत होती.
दोघांनाही ठसका लागत होता.

संवत छप्पन्न, कार्तिक.
रुपयाला दादर पंधरा शेर, तोळा चांदी दहा आणे.
पाटलांचा कमरपट्टा : गहाण, विकत नाही.
पौष. दादर दहा, चांदी आठ.
कमरपट्टा : विकत.
फाल्गुन. दादर सात, चांदी सहा.
'दोन्ही पारडी एकाच वेळी कशी खाली जातात?'
गुरुजींनी विचारलं.
मी धंद्यातला माणूस, मला ठाऊक होतं :
सगळेच विकायला आले
की भाव घेणारा ठरवतो.

चैत्रात देवांचे टाक आले.
खंडेराव, दीड तोळा.
भवानी, तोळा, नाक झिजलेलं.
टाकांच्या मागून जोडवी,
कुठे जोड, कुठे एकच.
नुरजी भिल, रेल्वेच्या मातीकामावर,
बायकोचे तोडे, पंधरा तोळे.
'परत लई जासू' म्हणून गेला.
हे का लिहून ठेवलं असेल?
व्यवहारात त्याला किंमत नव्हती.

प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बारीक खूण.
गुरुजी तिथे फार वेळ अडले.
चहा गार झाला, तेव्हा लागली :
'मळ वजा, तोळ्याला गुंज.'
म्हणजे घोट्याशी घासून बसलेला काळा थर,
शेण, घाम, कधीची तरी हळद.
तेवढ्याचे पैसे आम्ही दिले नाहीत.

आषाढात पाऊस झाला. दादर उतरली.
मग आमच्या माडीचा खर्च : सागवान, चुना, सुतार.
ती पानं मी भराभर उलटली.
म्हटलं, गुरुजी, वाळे शोधा,
तान्ह्या पोरांचे.
आधी दर साली चाळीस-पन्नास जोड जायचे.
सत्तावन्न : दोन.
अठ्ठावन्न : एक, तोही परत आलेला.
एकोणसाठला सात,
आणि गुरुजींनी चोपडी मिटली,
एसटीची वेळ झाली म्हणाले. झाली नव्हती.

काल एक बाई आली, कडेवर लेक.
वाळे हवे होते, हलके, घुंगराचे.
गाव विचारलं, आडनाव विचारवलं नाही.
काट्यावरचा आकडा थरथरत थांबला.
बिलात मी गुंजभर कमी लिहिलं.
तिने काट्याकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं.
'काटा बिघडना का, दादा?'